मनोऱ्याची दोन तिकिटं

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, महिन्यापूर्वी गेले. नाशिक रोडच्या घरी शेजारी आले, नोटांच्या प्रेसमधले जुने सहकारी आले. एक बाई मात्र आल्या नाहीत, आणि त्या माझ्यामुळे आल्या नाहीत.

अक्का गेल्यावर दाजी घरात एकटे बसून असायचे, म्हणून काही वर्षांपूर्वी मीच त्यांना युरोपच्या सहलीला नेलं. सगळी मंडळी नाशिकचीच. त्यांत सुनंदाताई होत्या... मूळच्या सटाण्याच्या, इंदिरानगरला शिवणक्लास चालवणाऱ्या, यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले. पहिल्याच दिवशी दाजींनी त्यांना बसमध्ये खिडकीची जागा दिली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. मग मी बघतच राहिलो. त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दाजींच्या ताटात कशी? एक दिवसाआड दाढी करणारा माणूस रोज दाढी का करतोय? बायको म्हणाली, "अहो, सहलीला आलात की पाळतीवर?" मला वाटत होतं, मी अक्काची बाजू सांभाळतोय.

स्टॉकहोममध्ये तिथल्या महापालिकेची इमारत बघायला गेलो. पाण्याकाठी उभी, लाल विटांची, उंच मनोऱ्याची. गाइड म्हणाली, इथे लग्नंही लागतात. मी झटकन दाजींकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. "आपल्याकडे महापालिकेत माणूस घरपट्टी भरायला जातो, इथे बोहल्यावर चढायला!" ते म्हणाले आणि सुनंदाताई जरा जास्तच हसल्या, असं मला वाटलं.

मग मोकळा वेळ होता. दाजी म्हणाले, "माझे गुडघे काही मनोरा चढायचे नाहीत. तुम्ही खरेदी करून या." आम्ही परतलो तेव्हा ते दारातून बाहेर पडत होते. दाराशी गणवेशातला पहारेकरी होता. त्याला पाहताच दाजी थांबले, खिसे उलटे करून दाखवले आणि दोन्ही हात वर केले. जन्मभर प्रेसमधून सुटताना झडती देऊन बाहेर पडलेला माणूस. निवृत्तीनंतरही अंगातली सवय गेली नव्हती. पहारेकरी गोंधळला. "दाजी, इथे नोटा छापत नाहीत!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मी हसलो नाही. खिशातून रुमाल पडला, बडीशेपेची पुडी पडली आणि मनोऱ्याची दोन तिकिटं.

तिथेच अंगणात बाजूला जाऊन मी नाशिकला भाच्याला, निखिलला, फोन लावला. "बाबांवर लक्ष ठेव. तुझ्या आईला विसरायला निघालेत."

"कोण बाई आहे, मामा?"

मी नावासकट सांगितलं.

घरी आल्यावर निखिलनं बापाला नाही नाही ते ऐकवलं. सुनंदाताईंनाही फोन करून आमच्या घरापासून लांब राहा म्हणाला. दाजी मला एवढंच म्हणाले, "विलास, तू प्रेसच्या गेटवर हवा होतास. कागदाचा कपटा बाहेर गेला नसता." मी ओशाळून म्हटलं, सुनंदाताईंना एकदा भेटून तरी या. "पोरानं एवढं बोलल्यावर कुठल्या तोंडानं जाऊ?" ...ते गेले नाहीत, आणि पुढे माझ्याकडेही फारसे आले नाहीत.

परवा मी इंदिरानगरला गेलो. सुनंदाताईंनी मशीन थांबवून पाणी दिलं. खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात चौकशीच होती. विचारलं, "तुमचं लग्नाचं ठरलं होतं का?"

"ठरायचं काय? वर वारा लय होता, दोघं कठड्याला धरून उभे राहिलो. म्हणाले, घरी गेलो की आधी पोराशी बोलतो. गेली ती त्याची आई होती, त्याला आधी कळायला हवं. मग तुम्हाला रीतसर विचारतो." त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "बोलले असतील. म्हणून तर पोराचा फोन आला. पण नकार असा पोराकडून कळवायचा? स्वतः यायचं होतं ना. म्हणून मी शेवटचं बघायलाही आले नाही."

इतकी वर्षं त्या दाजींवर रागावून होत्या. मला बसवेना. उठून हात जोडले.

"ताई, ते बोललेच नव्हते. त्यांनी बोलायच्या आधी मी निखिलला फोन केला, त्या इमारतीच्या अंगणातूनच. तुमचं नाव मी सांगितलं. दाजींचा यात काही दोष नाही. माझा आहे. मला माफ करा."