नवी पेठेत राहिलेली बॅटरी

भूत, भानामती, अंगात येणं... असल्या थोतांडाविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहून दारोदार वाटली आहेत. तेव्हा हे लिहितेय ती पूर्ण शुद्धीत, एवढं आधी मान्य करा!

यंदाचा, म्हणजे चौऱ्याहत्तरचा मे. सोलापूरचा पूर्व भाग, दुपारचे चार, विडी कारखान्याचं फाटक. मागणी एकच. कारकून ज्या विड्या 'छाट' म्हणून, म्हणजे वाईट ठरवून, मजुरी न देता बाजूला काढतो, त्या वळणाऱ्या बाईच्या देखत मोडा. मोडत नाहीत... मालक त्यांचीच बंडलं बांधून विकतो! बायकांनी हात वर केले तर संप. नाहीतर उद्यापासून पुन्हा खाली मान.

आणि भाषण माझं — आयुष्यातलं पहिलं. कागदावर मी कुणाचीही सालटी काढते. पण स्टुलावर चढले आणि पहिलं वाक्यच आठवेना. समोर शे-दोनशे बायका, मांडीवर सूप, सभेतही पानं कातरणं चालूच.

फाटकातून कारकून हसला, "काय बाई, पत्रक घरी ऱ्हायलं का?"

पुढ्यात बसलेली नरसव्वा म्हणाली, "ए पोरी, आमाला भ्यालीस व्हय? आमी काय खातो का तुला?"

समोरच्या माईकमध्ये कसंबसं कुजबुजले, "तुमची विडी वाईट, तर ती विकली कशी जाते?"

पार गल्लीच्या टोकाला, लिंबाला टांगलेल्या भोंग्याखालच्या बायकांच्या कात्र्या थांबल्या. मग सगळ्यांच्याच. अर्धा तास बोलले. हात वर झाले — एकूण एक!

उतरते तोच माईकवाला इस्माईल घामाघूम, सायकल रेटत आला. कॅरिअरवर बॅटरी. "माफ करो ताई, नवी पेठमें दुकानमेंच रह गई थी. अब करो भाषण शुरू!"

वायर माझ्या पायाशी मोकळी पडलेली.

भोंग्याखालच्या बायकांना खडसावून विचारलं, माझा आवाज आला कुठून? "खोटं कशाला बोलू? भोंग्यातनंच की! तुजा थरथरता श्वासबी ऐकला आमी."

दुसऱ्या दिवशी काहीजणी नारळ घेऊन आल्या, देवीनं आवाज दिला म्हणून. असली भडकले! घाबरलेली असूनही उभी मी राहिले, रोजीवर पाणी सोडून हात तुम्ही वर केलेत... आणि श्रेय देवीला?

संप जिंकलो. नरसव्वाच्या छाट विड्या कारकुनानं तिच्यासमोर मोडल्या. "नीट मोड की," म्हणाली ती.

भोंग्याचं मात्र इस्माईलला कळत नाही, कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना कळलं नाही, मला तर नाहीच. परवाच्या सभेत पुन्हा स्टुलावर चढले. इस्माईल म्हणाला, "ताई, रुको, बॅटरी लगाता हूँ."

"लाव," म्हटलं, "पण मी सुरू करतेय."