राख, चिंच आणि निळा ड्रम

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होती आणि भागीरथाच्या घरामागं मोहाची भट्टी होती. दोन्ही गोष्टी गावाला ठाऊक होत्या. चुलीतली चाळलेली राख, जुनी चिंच आणि नारळाची शेंडी, एवढ्यावर ती हंडा लख्ख करायची. नळीतून आधी उकळतं पाणी, मग लिंबाचं पाणी सोडायची आणि सगळं उन्हात पालथं घालायची. "भागीरथाच्या दारूनं डोकं धरत नाई," असं पिणारे म्हणत. त्या नावावरच घर चाललं होतं.

मागच्या धाडीत पोलिसांनी तिची मोह सडवायची मडकी फोडली. मग ती बहिणीकडे आर्वीला गेली. परतली तर नवऱ्यानं, लहानूनं, निळ्या प्लास्टिकच्या ड्रमात मोहफुलं सडत घातलेली. उद्या बापूरावांकडे नातवाचं बारसं होतं, तिथला माल ठरलेला.

तिनं झाकण उचललं. मोहाच्या आंबट वासाखाली दुसराच वास होता. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरातला, फवारणीच्या दिवसांतला.

"हा कुठून आणला?"

"वासुदेवरावाच्या गोठ्यातून. फुकट भेटला."

"फवारणीच्या औषधाचा हाय हा!"

"होता. राखेनं घासला, चिंचेनं घासला, ऊन दाखवलं. तूच तं करतं तसं!"

"राखेनं खरकटं निघते, तेल निघते. प्लास्टिकात मुरलेलं जहर निघते काय?"

"अवं, उकळल्यावर सारं मरते."

भागीरथानं ड्रमातला वाटीभर सडवा काढून त्याच्यापुढं धरला. "घ्या. पयला घोट तुमचा."

लहानूनं वाटी तोंडापर्यंत नेली. ओठ काही उघडले नाहीत. वाटी खाली आली.

"हेच तोंड घेऊन लोकायले पाजाले निघालते!" ती कडाडली. "बारशाच्या घरी तिरड्या बांधाले लावता काय?"

"उद्या बापूरावाले काय सांगू?"

"तुमी सांगूच नोका. मी जातो. म्हणतो, माह्या नवऱ्याले अक्कल नाई, माल नाई."

तिनं शेळी दूर बांधली, लहानूला परसात खड्डा खणायला लावला, सगळा सडवा त्यात ओतून वर माती दाबली. लहानू घामाघूम होऊन पाहत राहिला. त्याच्या कष्टाची तिला कीव आली नाही.

आवाज ऐकून शेजारची कमलाबाई कुंपणापाशी आली. रिकामा ड्रम पाहून तिचे डोळे चमकले.

"फेकून राह्यली काय व? मले दे. नळ येत नाई, प्याचं पाणी भरून ठेवीन."

"जहराचा हाय तो."

"तं काय झालं? राखेनं घासून घेतो ना मी. तुह्यासारखीच."

साऱ्या गावानं भागीरथाची राख पाहिली होती, आणि राखेनं काहीही निघतं असं गाव धरून चाललं होतं. एकाला तिनं आज अडवलं, उद्या किती जणांच्या अंगणात जाणार?

तिनं भिंतीला टेकलेली कुऱ्हाड घेतली आणि ड्रमाच्या बुडात घातली. मग कडेला. मग पुन्हा बुडात.

"येडी झाली व ही!" कमलाबाई ओरडली.

"झाली," भागीरथा म्हणाली, आणि कुऱ्हाड पुन्हा उचलली.