हात मोकळे राह्यतीन

वॉर्डात माझ्या बायकोच्या शेजारी समुद्रपूरचा एक माणूस बेशुद्ध पडला होता. त्याच्या थेट पोटात नळी बसवली होती. त्याच्या बायकोचं नाव मी कधी विचारलं नाही. ती गाळलेलं वरण आधी स्वतः चाखायची, त्याचं डोकं उंच करायची आणि "जेवाले बसा जी" म्हणत वरण नळीत सोडायची.

"त्याईले चव कुठं समजते?" मी म्हटलं.

"मले समजते ना, काकाजी."

माझ्या बायकोची नळी नाकातून होती. तिनं ती ओढून काढू नये म्हणून तिचे हात खाटेला बांधले होते. ते पाहून बाईनं विचारलं, "काकूच्या पोटात काऊन नाई बसवत? हात मोकळे राह्यतीन."

"डॉक्टर नाई म्हणते."

मुलांनाही मी हेच सांगितलं. डॉक्टर तर स्वतःहून बसवू म्हणाले होते. पोटाला भोक नको, असं मीच म्हटलं. बायको गेली तेव्हाही तिचे हात बांधलेलेच होते.