खिरापतीच्या डब्याचा ठेका

लग्नात डीजे सुरू झाला की आजही मला ती फिर्याद आठवते. हसूही येतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सेलूच्या पोलीस ठाण्यात नेमणुकीस होतो. त्या वर्षी एका गाण्याने जिल्ह्याला वेड लावलं होतं. खाली मशीनचा ठेका, वर एका बाईच्या आवाजात, पोरी कोजागिरीपर्यंत म्हणतात त्या भुलाबाईच्या गाण्यातली एकच ओळ, पुन्हा पुन्हा. मागे काहीतरी खुळखुळ वाजायचं. पार वडनेरपर्यंत एकही वरात त्याच्याशिवाय निघत नव्हती. बनवलं होतं आमच्याच बाजारातल्या एका कॅसेटवाल्याने, त्यामुळे गड्याची कॉलर ताठ.

एका सकाळी साठीचे एक शेतकरी ठाण्यात आले. म्हणाले, "साहेब, त्या गान्यात माही बायको हाये. तिले जाऊन सहा वर्सं झाली."

मी ठाणे अंमलदाराकडे पाहून हसलो. आवाज चोरीला गेला, हे कोणत्या कलमात बसवायचं? "काका, सारख्या आवाजाच्या बाया असतात," असं सांगून मी त्यांना वाटेला लावणार होतो. ते उठेनात.

"आवाजात चुकीन साहेब, पन तो डबा? खिरापतीचा पितळी डबा हाये तो. तिनं हालवला, म्या टेप केला. कॅसेट अडकली म्हनून या कॅसेटवाल्याकडंच दुरुस्तीले देल्ली, तं खराब झाली म्हने. तिचा आवाज तेवढाच होता माह्यापाशी."

आमच्याकडे भुलाबाईची गाणी झाली की घरची बाई खिरापत झाकणाच्या डब्यात घालून हलवते आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं असतं. शिवाय दुरुस्तीला दिलेली वस्तू दाबून ठेवणं कलमात बसत होतं. मी फिर्याद लिहून घेतली.

कॅसेटवाला चौकशीत आम्हालाच शिकवू लागला. "साहेब, याले हाउस म्युझिक म्हनतात. जुना तुकडा कापाचा, तोच तो फिरवाचा, खाली ठेका टाकाचा. हा तुकडा मुंबईच्या सीडीतला हाये." दोन तास हेच पालुपद.

खबर दिली बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणाऱ्याने. डीजेमुळे त्याची कामं बुडत होती, त्यामुळे जीभ सैल सुटली होती. "मूळ टेप त्यानं फेकली नाई साहेब. अजून रिमिक्स काढाचे हायेत त्याले."

दोन पंच घेऊन झडती घेतली. काउंटरखालच्या बिस्किटाच्या डब्यात टेप सापडली. आता कॅसेटवाला म्हणतो, "हे तं माह्या मावशीची हाये!"

माझा हात शिवशिवला, पण तेवढ्यात सुचलं. काका आणि कॅसेटवाला, दोघांना ठाण्यात वेगळ्या खोल्यांत बसवून एकच प्रश्न विचारला: डब्यात काय होतं? दोन्ही चिठ्ठ्या पंचांसमोर पेपरवेटखाली ठेवल्या, दोघांना समोर बसवलं आणि टेप लावली. गाणं संपलं, डबा खुळखुळला. टेपमधल्या पोरी ओरडल्या, फुटाणे! शेंगदाणे! बत्तासे! आमचे हवालदारही विसरून ओरडले, "लाह्या!" लाह्या कधी अशा वाजतात का, म्हणून मी त्यांना झापलं.

मग ती बाई खळखळून हसली. "हारल्या साऱ्या! खारका हायेत गं. यायनं माह्यासाठी आनल्या, म्या तुमच्यासाठी ठेवल्या."

कॅसेटवाल्याच्या चिठ्ठीत फुटाणे. काकांच्या चिठ्ठीत खारका. बहाद्दराने आठ सेकंद कापून घेतले होते, पुढची टेप कधी ऐकलीच नव्हती.

काका टेपरेकॉर्डरवर हात ठेवून बसले होते. "दुखन्यातून उठली होती. ताकद यावी म्हनून आनल्या होत्या. पोरीयले काऊन वाटल्या म्हनून लय बोललो मी तिले त्या दिवशी." मला त्यांच्याकडे बघवेना.

टेप मुद्देमाल झाली. मालखान्यातल्या उंदरांवर माझा भरवसा नव्हता, म्हणून न्यायालयाच्या आदेशाने सुपुर्दनाम्यावर ती काकांना मिळेपर्यंत मी ती कुलपात वेगळी ठेवली. गाणं बंद करायचं का, असं विचारलं तर म्हणाले, "नाचू द्या लोकायले. टेप माही मले भेटली, झालं."

त्या प्रकरणाने मला लाजवलं. कॅसेटवाल्याने जे तिच्या टेपचं केलं, तेच मी काकांच्या बोलण्याचं करणार होतो. त्यानंतर समोरच्याचं पूर्ण सांगून झाल्याशिवाय मी कोणालाही उठवलं नाही.

पुढे दोन हजारनंतर त्या गाण्याचे कितीतरी रिमिक्स निघाले. दरवेळी वेग वाढला, बाईचा आवाज बारीक होत गेला. निवृत्तीच्या वर्षी माझ्या मुलीच्या लग्नात तेच गाणं लागलं, तेव्हा आवाज पार गेला होता. उरली होती फक्त खुळखुळ. सगळा मांडव तिच्यावर नाचत होता.

घामाघूम झालेल्या जावयाने कानाशी येऊन विचारलं, "पप्पा, हे कोणतं वाद्य आहे हो?"

मी म्हटलं, "खारका."