कडेचा झेंडा आणि आमचे सर

बंद पडलेली गाडी ढकलावी तसे ते दोन्ही तळहात पुढं करून हवा ढकलायचे आणि म्हणायचे, "स्वल्प पुढं. स्वल्प पुढं." स्वल्प म्हणजे कन्नडात थोडं. आमच्या कॉलेजात फुटबॉल शिकवायला आलेले सर हे दिवसातून शंभर वेळा म्हणत. कॅन्टीनच्या रांगेत असले तरी तेच. पुढचा माणूस चिडून वळायचा, आणि हे रांगेत कुणाचं अंतर जास्त पडलंय ते बघत उभे.

अशी माणसं तुम्हीही बघितली असतील. खेळ संपतो, ग्राउंड रिकामं होतं, यांच्या डोक्यात मात्र शिट्टी वाजलेलीच नसते.

मी त्या कॉलेजचं ग्राउंड बघतो. बंगळुरात, के. आर. पुरमच्या पुढं, होसकोट्याच्या रस्त्याला. पाणी मारायचं, गवत कापायचं, मॅचच्या आधी चुन्याच्या पट्ट्या ओढायच्या. शाळा सातवीपर्यंत, तीही निपाणीत. तेव्हा माझ्या लिहिण्यात मांडणी वगैरे शोधू नका. सरांचं नाव लिहिणार नाही. त्यांना ते आवडायचं नाही, आणि ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेलच.

सर बेळगावचे, त्यामुळं आमचं मराठीतच चालायचं. वीसेक वर्षं त्यांनी पगारी खेळाडूंच्या क्लबांना शिकवलं होतं. साठी उलटल्यावर क्लबांनी बोलावणं बंद केलं आणि ते आमच्याकडं आले.

ते आले त्याच्या दोन महिने आधी माझी बायको गेली होती. लोक भेटायला यायचे, धीर धरा म्हणायचे. कुठं धरायचा ते कुणी सांगत नव्हतं. मी बोलणंच टाकलं होतं. सरांनाही कुणीतरी सांगितलं असणार. पहिल्या दिवशी ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले, खाली बघितलं आणि म्हणाले, "मामा, ही गोलपुढची पट्टी तीन बोटं वाकडी आहे."

मी म्हटलं, "दोन."

दोरी आणून मोजली. अडीच निघाली. त्या आठवड्यात माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द म्हणजे तो दोन.

आता सरांचं डिफेन्स सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. फुटबॉलात समोरचा खेळाडू आपल्या शेवटच्या गड्याच्या पलीकडं, गोलकीपरजवळ एकटा उभा असेल आणि तेव्हा त्याला बॉल दिला, तर तो ऑफसाइड. कडेला झेंडा घेऊन एक जण पळत असतो, तो झेंडा वर करतो आणि खेळ थांबतो. सरांचं सगळं यावर. त्यांचे मागचे चौघे एका रांगेत राहायचे. समोरच्यानं बॉल मारायच्या आत चौघांनी एकदम एक पाऊल पुढं टाकायचं, हात वर करायचे, आणि समोरचा बापडा मागं एकटा सापडायचा. माझी कपडे वाळत घालायची दोरी नेऊन त्यांनी चौघा पोरांच्या कमरेला बांधली होती. एक पुढं गेला की चौघे पुढं. एक पडला की चौघे पडायचे. पहिले आठ दिवस पडण्यातच गेले.

पण बसलं हो ते. बघायला फार सुरेख. चार पोरं आणि एक पाऊल.

फक्त सामने हरत होतो.

पहिला सराव सामना चार गोलांनी गेला. दुसरा तीन. दर वेळी चित्र तेच. आमचे चौघे एकदम पुढं, चारही हात वर, वर्गात उत्तर येतंय अशा थाटात. आणि समोरचा पोरगा रमतगमत जाऊन गोल करायचा. सर पोरांवर ओरडायचे, "उशीर झाला! अर्धं पाऊल उशीर!" दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरी.

आमचे फिजिकल डायरेक्टर, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे प्रमुख, सगळे त्यांना पीडी सर म्हणतात, माणूस वाईट नाही. पण त्यांच्याही डोक्यावर मॅनेजमेंट. ते माझ्यासमोरच म्हणाले, "सर, तुमचं डिफेन्स क्लबला सरी, ठीक आहे. तिकडं खेळाडू जेवतात एकत्र, झोपतात एकत्र. आमची पोरं सकाळी लॅबमध्ये, दुपारी ग्राउंडवर. कॉलेजला हे झेपत नाही. इंटर-कॉलेजच्या पहिल्याच मॅचला बाहेर पडलो तर मॅनेजमेंट तुम्हाला ठेवणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"झेपतं की नाही ते ग्राउंडवर बघू," सर म्हणाले.

पीडी गेल्यावर सर माझ्या रोलरवर बसले. "मामा, हरणं मला नवीन नाही. पण या वयात हरून घरी गेलो तर पुन्हा कुणी बोलावत नाही. मग बेळगावात पेपर वाचत बसायचं."

खरं सांगायचं तर चूक कुठं आहे ते मला दुसऱ्या सामन्यातच दिसलं होतं. पण चुना टाकणाऱ्याचं कोण ऐकतं? आणि बोलायला हुरूपही नव्हता. बायको म्हणायची, "तुम्ही बोलत नाही, धोंडे टाकता." ती असती तर टाकले असते. घरी येऊन ओरडा खायला माणूस असलं की टाकता येतात.

तिसरा सामना हरल्यावर मधल्या जागेचा पोरगा कोपऱ्यात जाऊन रडला. चांगला दांडगा गडी, हुबळीकडचा. म्हणाला, "अण्णा, मी वेळेवर पुढं गेलो होतो. खरंच गेलो होतो." गेला होता. मी बघितलं होतं. तेव्हा राहवलं नाही. तसाच सरांपुढं जाऊन उभा राहिलो.

"सर, पोरं चुकत नाहीत. तुम्ही चुकताय."

"मामा, तुम्ही चुना टाका."

"टाकतो की. पण तुमची पोरं पुढं गेल्यावर झेंडा कोण वर करणार?"

"लाइन्समन. अजून कोण?"

"कोण लाइन्समन? इथं यजमान कॉलेज कुठल्या तरी पोराच्या हातात झेंडा देतं. तो झाडाच्या सावलीत उभा असतो. सावली हलली की हलतो."

सर तांबडे झाले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ग्राउंडच्या या टोकाला मी, त्या टोकाला ते. मला वाटलं, झालं, टाकला धोंडा आणि बसला नेमका डोक्यात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आले. "मामा, आज होसकोट्याला दोन कॉलेजांची मॅच आहे. चला."

आम्ही बसनं गेलो. दीड तास आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी बॉलकडं बघितलंच नाही. झेंडेवाल्या पोराच्या मागं दहा पावलांवर उभे राहून फक्त त्याला बघितलं. शेजारचा एक जण शेवटी म्हणाला, "अंकल, बॉल तिकडं आहे."

"असू दे," सर म्हणाले.

झेंडेवाला भला होता हो. पण त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. बॉल गेला की मान वळायची, पाय जागेवर.

"आता कुठं बघतोय तो?" सरांनी विचारलं.

"मोबाईलकडं."

"मोबाईल खिशात आहे."

"मग त्या समोसा खाणाऱ्या पोरीकडं."

"सरळ ऑफसाइड होता, मामा! तीन हात!"

"तुम्हाला दिसला. त्याला समोसा दिसला."

सर बोटांवर मोजत होते. ऑफसाइड सात वेळा झाला, झेंडा दोनदा वर गेला. त्यातला एक चुकून, पोरगा घाम पुसत होता.

येताना बसमध्ये सर एकदम हसायला लागले. एवढं हसले की कंडक्टर वळून बघायला लागला. "मामा, वीस वर्षं मी चौघांचं डिफेन्स शिकवतोय असं समजत होतो. पाच जणांचं होतं ते. पाचवा झेंडेवाला. तो क्लबांकडं तयार मिळायचा, म्हणून मला कधी दिसलाच नाही."

एवढं बोलायला मोठं मन लागतं. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? झेंडेवाल्याला शिव्या घालून मोकळे झालो असतो.

दुसऱ्या दिवशी दोरी सुटली नाही, पण जागा बदलली. चौघे तसेच एकत्र, फक्त आता आपल्या गोलच्या जवळ. पुढं जाऊन सापळा लावायचा नाही, समोरच्याला वाट द्यायची नाही, बस. लॅबमुळं कोण कधी गळेल सांगता येत नाही, म्हणून आठ पोरांना चारही जागा शिकवल्या. आणि हात वर करायची सवय मोडायला प्रत्येकाच्या दोन्ही मुठींत एकेक टेनिसचा चेंडू दिला. हात वर गेला, चेंडू पडला, तर त्यानं माझा पाण्याचा पाइप गुंडाळायचा. त्या महिन्यात मी पाइपला हात लावला नाही.

पीडी सर बघून म्हणाले, "म्हणजे आमचंच खरं ना सर? क्लबचं इथं चालत नाही."

"अर्धं," सर म्हणाले. "चौघांनी मिळून राहायचं ते कुठंही चालतं. दुसऱ्याच्या झेंड्यावर विसंबायचं ते इथं चालत नाही."

पहिली मॅच दुसऱ्या कॉलेजात होती. आमचा एक गोल आधीच झालेला, त्यांचा एकही नाही. शेवटची पाचेक मिनिटं. सर कडेला, मी त्यांच्या शेजारी पाण्याची कॅन धरून, आणि कॅनचं झाकण कुठं पडलं ते मला आजही माहीत नाही. समोरच्यांनी लांब बॉल मारला. त्यांचा पुढचा गडी आमच्या सगळ्यांच्या मागं एकटा. चांगला दोन पावलं ऑफसाइड. कडेचा झेंडा खाली.

आणि आमच्या सरांचा हात वर!

वीस वर्षांची सवय ती. हात उंच, मान झेंड्याकडं, सगळं थिजलेलं. मी पोरांकडं बघितलं. एकाचाही हात वर नव्हता. चौघेही वळून पळत होते. तो हुबळीकडचा सगळ्यांत पुढं. गोलपासून हातभरावर त्यानं पाय घातला आणि बॉल कंपाउंडबाहेर.

सरांनी आपल्या वर गेलेल्या हाताकडं बघितलं. मग तो डोक्यावरून फिरवत खाली आणला, जणू केसच सारखे करायचे होते. केस फारसे नव्हते.

"मामा, दिसलं काय कुणाला?"

"पाइप गुंडाळायला लागेल," मी म्हटलं.

शिट्टी झाली तेव्हा ते तिथंच मटकन खाली बसले, चुन्याच्या पट्टीवर. पँट पांढरी झाली. मीही बसलो. बायको गेल्यापासून छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं, तो जरा बाजूला सरकला. घरी येऊन तिच्या फोटोपुढं सगळी मॅच सांगितली. मोठ्यानं. शेजारची अक्का दारात येऊन विचारायला लागली, पाहुणे आलेत काय म्हणून.

त्या वर्षी आम्ही तिसऱ्या मॅचला बाहेर पडलो. कुणाला वाईट वाटलं नाही. सर पुढं दोन वर्षं राहिले. मागच्या उन्हाळ्यात मॅनेजमेंट अजून एक वर्ष थांबा म्हणत होतं. सर म्हणाले, गुडघे नको म्हणतात, बहीण एकटी आहे, जातो आता.

मी त्यांना सोडायला मेट्रोनं मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टेशनापर्यंत गेलो. दुपारची गाडी, बंद काचांची. बॅग वर ठेवली, त्यांना खिडकीशी बसवलं आणि मी खाली उतरून पाण्याची बाटली आणायला गेलो. येऊन बघतो तर सर झोपलेले. मान एका बाजूला, तोंड उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला डुलकी घेतानाही बघितलं नव्हतं.

काचेवर टकटक करायला बोट उचललं होतं. निरोप राहिला होता ना. पण माझ्या बायकोला शेवटचे महिनाभर झोप नव्हती. डोळा लागलेलं माणूस म्हणजे काय चीज असते ते मला तेव्हा कळलं. हरून घरी निघालेला माणूस गाडी सुटायच्या आधी असा झोपत नाही.

बोट खाली घेतलं. दरवाजे बंद झाले. बाटली माझ्याच हातात राहिली, आणि सर झोपेतच बेळगावला निघाले.