नाही म्हणणारं खातं

माझ्या जाऊबाईंना नाही म्हणता येत नाही. दारावर झाडूवाला आला की त्या झाडू घेतात, आणि घरात आधीचे तीन झाडू आहेत हे त्याला दिसू नये म्हणून दार अर्धंच उघडतात. त्याला वाईट वाटेल ना!

थोरले दीर गेले आणि त्यांच्या विम्याचे पैसे आले, तेव्हा या स्वभावाची किंमत कळायला लागली. आधी जाऊबाईंचा भाऊ आला, त्याला गाडी घ्यायची होती. मग समोरची शेजारीण. मग आमच्याच घरातून माझे यजमान गेले. त्यांना शोभेच्या माशांचा धंदा करायचा होता. मासे मेले, टाक्या उरल्या. एकीत आम्ही अजून कांदे ठेवतो.

उरलेले पैसे घेऊन जाऊबाई एक दिवस बँकेत गेल्या आणि खिडकीतल्या चष्मेवाल्या बाईंना म्हणाल्या, "मला असं खातं द्या की त्यातून पैसे निघणारच नाहीत."

"बाई, लोक बरोबर याच्या उलट मागतात," त्या म्हणाल्या. पण त्यांच्याकडे तसं खातं निघालं. भरायचे तेव्हा भरा. काढायला मात्र महिन्यातून एकदाच, तेही थोडेसे. जास्त हवे तर कारण लिहून द्या, पण रोख मिळणार नाहीत. परस्पर दुसऱ्या कोणाच्या नावावर पाठवता येणार नाहीत. गेलेच तर दुसऱ्या बँकेतल्या तुमच्याच नावाच्या खात्यात, आणि तेही आम्ही ते खातं तपासून घेतल्यावर.

माझ्या मुलीने हे नियम ऐकले आणि म्हणाली, "काकू, हे खातं नाहीये, सासूबाई आहेत. कुठे चाललीस, कशाला, कोणाकडे?"

तेव्हापासून त्या खात्याला आमच्या घरात सासूबाईच म्हणतात. यजमानांना पुढे मेणबत्त्यांच्या कारखान्याची कल्पना सुचली आणि ते पुन्हा वहिनीकडे गेले, तेव्हा जाऊबाई अगदी कळवळून म्हणाल्या, "माझं काही नाही हो भावजी, पण सासूबाई सोडत नाहीत." यजमान आठवडाभर धुसफुसले आणि मग एका माल वाहतुकीच्या ऑफिसात चिकटले. अजून तिथेच आहेत. पगार घरात आला की मी मनातल्या मनात त्या सासूबाईंना नमस्कार करते. माझ्या खऱ्या सासूबाईंना मी इतका मनापासून कधी केला नव्हता.

जाऊबाई एका लाँड्रीत कामाला. कपडे मशीनमध्ये जायच्या आधी खिसे तपासणं हे त्यांचं काम. चार बोटं आत घालायची, शिवणीपर्यंत फिरवायची, खिसा उलटा करून झटकायचा. जे निघेल ते कागदाच्या पुडीत बांधायचं आणि पुडीवर कपड्याचा नंबर घालायचा. किल्ल्या, तिकिटं, अंगठ्या, अर्धवट चोखलेल्या गोळ्या. एकदा कवळी निघाली होती. कवळीचा मालक नवीन दातांची चौकशी करत होता, तेवढ्यात जाऊबाई पुडी घेऊन त्याच्या दारात! अगदी बारकं नाणं असलं तरी त्याची पुडी होते आणि ती त्याच दिवशी परत जाते. दुसऱ्याची वस्तू आपल्यापाशी मुक्कामाला राहता कामा नये, हा त्यांचा नियम. त्यांचं सगळं पुढचं रामायण याच नियमाने घडवलं.

लाँड्रीच्या मालकीणबाईंचे गुडघे गेले. दुकान विकून बहिणीकडे राहायला जायचं त्यांनी ठरवलं. शेजारच्या औषधवाल्याला जागा हवीच होती, पण त्यांनी आधी जाऊबाईंना विचारलं. मशीन, इस्त्र्या, जागेचा भाडेकरार, सगळ्यासकट.

"शनिवारपर्यंत माझ्या खात्यात पैसे दिसले तर दुकान तुझं," त्या म्हणाल्या. "नाही दिसले तर औषधवाल्याला हो म्हणते. माझ्या गुडघ्यांना वाट बघत उभं राहणं जमत नाही."

औषधवाल्याला जागा गेली असती तर जाऊबाईंचं काम गेलं असतं, आणि इस्त्रीवरच्या दोघींचंही. पैसे तर होते, नेमके लागतील तेवढे. फक्त ते सासूबाईंच्या कमरेला होते.

माझ्या मुलीने दुसऱ्या बँकेत काकूंच्या नावाने साधं खातं उघडून दिलं आणि जुन्या बँकेत दोन्ही खाती जोडण्याचा अर्ज भरला. नवं खातं खरंच याच बाईचं आहे ना हे बघायला जुनी बँक आधी तिथे अगदी किरकोळ रक्कम टाकते. ती किती आली हे आपण बँकेला कळवलं की मोठी रक्कम सोडतात. हे मुलीला माहीत होतं. काकूंना सांगायचं ती विसरली आणि परीक्षेसाठी दुसऱ्या गावी निघून गेली.

गुरुवारी जाऊबाई नव्या बँकेत सहज पासबुक भरून घ्यायला गेल्या. बघतात तर खात्यात कुठल्याशा लांबलचक नंबरावरून आलेली चिल्लर! त्यांना वाटलं, कोणाची तरी रक्कम चुकून आपल्याकडे आली, तो बिचारा शोधत असेल. तिथल्या माणसाला अर्धा तास गळ घालून त्यांनी ती होती तशी परत पाठवायला लावली, आणि संध्याकाळी मला फोन केला.

"अगं, आज काय झालं माहीत आहे? कोणाचे तरी पैसे माझ्याकडे आले होते. दिले पाठवून!"

त्यांच्या आवाजात पुडी पोचवल्याचं समाधान होतं. मी कौतुकाने मुलीला सांगितलं, तर ती तिकडून फोनवर किंचाळलीच. "आई! ती बँकेची तपासणीची रक्कम होती!"

शुक्रवारी आम्ही दोघी जुन्या बँकेत. खिडकीत त्याच चष्मेवाल्या बाई, आता केस पांढरे झालेले. त्यांनी संगणकात पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"तुम्ही परत पाठवले?"

"दुसऱ्याचे होते ना."

"अहो, तुमच्यासाठीच टाकले होते."

"मग टाकणाऱ्याने सांगायचं नाही का? असे गुपचूप कोणी पैसे देतं?"

बाईंना हसू आवरेना, पण नियम काही हलेनात. रक्कम परत आली म्हणजे जोडणी रद्द. पुन्हा अर्ज, पुन्हा रक्कम, आणि सोमवारच्या आत काही होत नाही. मी आवाज चढवला. बाईंच्या साहेबांना भेटायचं म्हणाले. तर जाऊबाईंनी माझी बाही ओढली.

"भांडू नकोस गं. आजवर याच कडकपणाने माझे पैसे राहिले. आता माझ्यावर आला म्हणून तो वाईट कसा?"

बाहेर आल्यावर मात्र त्या पायरीवर बसल्या. "गेलं दुकान," एवढंच म्हणाल्या.

"मालकीणबाईंकडे दोन दिवस मागा."

"मला नाही गं मागता येत."

म्हणजे या बाईला नाही म्हणता येत नाही, आणि मागताही येत नाही! मी त्यांना हाताला धरून लाँड्रीत नेलं. मालकीणबाई स्टुलावर पाय ठेवून बसल्या होत्या. जाऊबाईंनी डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"किती होते गं ते?" मालकीणबाईंनी विचारलं.

"एक चहासुद्धा आला नसता."

मालकीणबाई हसायला लागल्या. ठसका लागेपर्यंत हसल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मागच्या दांडीकडे बोट दाखवलं. तिथे न नेलेले कपडे टांगलेले असतात. कोणी गाव सोडून गेलेला, कोणी आजारी, कोणी नुसताच विसरलेला.

"काल औषधवाला जागा मोजायला आला होता. म्हणाला, हे सगळं आधी फेकून द्या. मी म्हटलं, लोक येतील रे न्यायला. तर म्हणे, कोण येतंय! तेव्हापासून माझ्या मनातून उतरलाच होता. सोमवारपर्यंत थांबते मी. पण उशीर तुझा, तेव्हा या महिन्याचं भाडं तू भरायचं."

"भरते," जाऊबाई म्हणाल्या. घासाघीस करणं त्यांना कधी जमलेलंच नाही.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन. "आले! मी हात लावलेला नाही. मुलीला लवकर पाठव."

मुलगी परतली होती. तिने रक्कम कळवली आणि दुपारी सासूबाईंनी कमरेची किल्ली सोडली. पैसे नव्या खात्यात आले आणि तिथून मालकीणबाईंकडे गेले. पोचल्याचा निरोप आला तेव्हा जाऊबाई खिसेच तपासत होत्या. हातातल्या कोटाचा खिसा त्यांनी आधी उलटा करून झटकला. मग तशाच निघाल्या आणि बँक बंद व्हायच्या आत चष्मेवाल्या बाईंना जाऊन म्हणाल्या, "तुमचे उपकार झाले."

"मी काय केलं? मी तर नियमच दाखवला."

"तेच तर. मला नाही ना जमत ते."

"काकू, आता ते जुनं खातं बंद करून टाका," मुलगी म्हणाली.

जाऊबाईंना हे ऐकवेना. "इतकी वर्षं माझ्या वतीने वाईटपणा तिने घेतला. आता काम झालं म्हणून म्हातारीला घराबाहेर काढू?" खातं चालू राहण्यापुरते पैसे त्यांनी आत राहू दिले आहेत.

दुकान आता त्यांचं. इस्त्रीवरच्या दोघी तिथेच आहेत, दांडीवरचे कपडेही आहेत, आणि खिसे त्या अजून स्वतःच तपासतात. मागच्या आठवड्यात माझे यजमान तिथे कोट टाकायला गेले. रेंगाळले, घसा साफ केला. "वहिनी, एक कल्पना होती..."

जाऊबाईंची चार बोटं कोटाच्या खिशात शिवणीपर्यंत गेलेली. त्यांनी मान वर केली नाही.

"सासूबाईंना विचारते हं, भावजी."

यजमान घरी आले ते हातात एक कागदाची पुडी घेऊन. आत दोन नाणी आणि एक वितळलेली पेपरमिंटची गोळी होती. पुडी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "म्हातारी अजून ठणठणीत आहे."

मी त्यांना चहा टाकला.