उजेड गळणारं सूप

किन्हवलीच्या एसटी थांब्याजवळ संध्याकाळी एक बाई बांबूची सुपं विकत होती. देण्याआधी प्रत्येक सूप ती मावळत्या उन्हासमोर धरून एक डोळा मिटून तपासायची. एका सुपातून तिच्या गालावर उजेडाचे दाणे सांडले आणि मी हरखलोच.

"मावशी, हेच द्या. घरी दिव्यावर लावतो."

"ते नाय मिळनार. नाचनी गळंल त्यातून."

मी नाटकी हात जोडले. "मी जन्मात नाचणी पाखडणार नाही."

"तुमी नाय पाखडनार. पन बघनारा इचारंल ना, कोनी इनलंय?"

तिने मला घट्ट विणीचं सूप दिलं आणि ते गळकं उसवायला घेतलं. एकेक पट्टी सुटली तसं तिच्या मांडीवरचं ऊन वाढत गेलं आणि कपाळावरची आठी मावळत गेली.